मागे उरलेली हवा : प्रस्तावना

समाजवादी नेते आणि विद्वान आचार्य नरेंद्र देव यांना दम्याने वर्षानुवर्षे छळले. १९४२ साली गांधीजींनी त्यांना सेवाग्रामला बोलावून ठेवून घेतले आणि त्यांच्या पथ्यपाण्याकडे, उपचारांकडे जातीने लक्ष दिले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये धरपकड झाली. नेहरू, आझाद, पटेल यांच्यासोबत नरेंद्र देव अहमदनगरच्या किल्ल्यात बंदिवान झाले आणि दमाही त्यांच्याबरोबर किल्ल्यात गेला. १९ फेब्रुवारी १९५६ रोजी त्यांचे निधन झाले.

दम्याचा जोर झाला की त्यांच्या छातीत किती हवा अडकून पडते, हे त्या काळी सेवाग्रामात कुणाला सांगता येणे शक्य नव्हते. मुंबई-कलकत्त्यातल्या मोठ्या रुग्णालयांतही ते जमले नसते. रोगी फुंकून बाहेर टाकतो ती हवा मोजणारे यंत्र शंभर वर्षे जुने होते. फुंकूनही बाहेर न येणारी, अरुंद नळ्यांच्या पलीकडे कोंडलेली हवासुद्धा हिशेबात धरणारी पद्धत आर्थर ड्युबॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिलाडेल्फियाहून प्रसिद्ध केली, ती १९५६ साली, म्हणजे नरेंद्र देव गेले त्याच वर्षी.

या पुस्तकाचा विषय ती मागे उरलेली हवा आहे. दमा आणि श्वासनलिकांची अतिसंवेदनशीलता यांवर संशोधन करायचे तर फुप्फुसांची आकारमाने का मोजायची, कशी मोजायची आणि वर्ध्यासारख्या जिल्ह्यात मोजताना कोणती काळजी घ्यायची, हे पुढच्या प्रकरणांत सविस्तर येईल. प्रस्तावनेत मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. दम्याचे आपले बरेचसे संशोधन बाहेर आलेल्या हवेवर उभे आहे, आणि रोग्याला जाच होतो तो आत राहिलेल्या हवेचा.

वर्धा, देवळी, आर्वी, समुद्रपूर, कुठल्याही तालुक्यातला दमेकरी बाह्यरुग्ण विभागात येतो तेव्हा काय सांगतो ते नीट ऐकावे. ‘छाती भरून आल्यासारखी वाटते, श्वास अंदर जातच नाही.’ वैद्यकाचे पाठ्यपुस्तक मात्र सांगते की दम्यात अडथळा उच्छ्वासाला होतो. विद्यार्थी मग रोग्याचे म्हणणे मनातल्या मनात दुरुस्त करून घेतो आणि केसपेपरवर ‘श्वास सोडायला त्रास’ असे लिहून मोकळा होतो. ही दुरुस्ती चुकीची आहे. रोगी खरे तेच सांगत असतो आणि पाठ्यपुस्तकही खोटे नसते. दोहोंचा मेळ बसतो तो फुप्फुसांची आकारमाने पाहिल्यावर.

निरोगी प्रौढ माणूस शांत बसलेला असताना एका श्वासात साधारण अर्धा लिटर हवा आत घेतो. तो श्वास सहज सोडून झाल्यावरही छातीत दोन-सव्वादोन लिटर हवा शिल्लक असते. तिला एफआरसी म्हणतात. त्यानंतर पोट आत ओढून, शक्ती लावून सगळी हवा बाहेर ढकलली तरी लिटरभराच्या आसपास हवा मागे राहतेच. ती आरव्ही. आणि पूर्ण छाती भरून श्वास घेतल्यावर आत असते ती टीएलसी, म्हणजे एकूण धारणशक्ती. हे आकडे पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांतल्या पुरुषाचे आहेत. आपल्याकडच्या माणसाचे किती, हा प्रश्न पुढे येईलच.

दम्याचा झटका आला की श्वासनलिकांभोवतीचे स्नायू आवळतात, आतले अस्तर सुजते, चिकट कफ साचतो. लहान नळ्या उच्छ्वास पुरा होण्याआधीच मिटतात आणि त्यांच्या मागची हवा अडकते. आरव्ही वाढते. रोगी मग नकळत वरच्या पातळीवर श्वास घेऊ लागतो, कारण फुगलेल्या फुप्फुसात नळ्या थोड्या अधिक उघड्या राहतात. एफआरसीही वाढते. याची किंमत श्वासपटलाला मोजावी लागते. ते आधीच खाली दाबले गेलेले, आखूड झालेले असते. छाती जवळजवळ भरलेली, त्यात आणखी श्वास घ्यायचा, तर जागाच उरलेली नसते. म्हणून रोगी म्हणतो, श्वास आत जात नाही. कॅनडातल्या लोहीड, ओडॉनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये मुद्दाम श्वासनलिका आकुंचित करून हे तपासले. धाप किती लागते याचा संबंध त्यांना फुप्फुसे किती फुगली, श्वास घ्यायला जागा किती उरली, याच्याशी सर्वांत घट्ट दिसला.

त्याच्याही आधी, १९६५ मध्ये, सिडनीच्या अ‍ॅन वुलकॉक आणि जॉन रीड यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक छोटा लेख लिहिला होता. दम्याचे काही रोगी उपचारांनंतर स्पष्टपणे बरे दिसत होते, त्यांना बरे वाटतही होते, पण पहिल्या सेकंदात फुंकलेल्या हवेचा आकडा, ज्याला आपण एफईव्ही-वन म्हणतो, फारसा हललेला नव्हता. बदल झाला होता तो आकारमानांत. फुगलेली फुप्फुसे खाली बसली होती. या लेखाला साठ वर्षे झाली. तरीही औषध लागू पडले की नाही याचा निवाडा आपण बहुतेक वेळा एफईव्ही-वनवरच करतो. माझ्या मते दम्याच्या संशोधनातली ही सर्वांत जुनी आणि सर्वांत कमी मनावर घेतलेली सूचना आहे.

एफईव्ही-वनचा आकडा इतका लोकप्रिय का झाला, हे समजण्यासारखे आहे. जॉन हचिन्सन या इंग्रज डॉक्टरने १८४६ मध्ये आपल्या स्पायरोमीटरवर दोन हजारांहून अधिक लोकांना फुंकायला लावले. त्यांत खलाशी होते, पोलीस होते, मुष्टियोद्धेही होते. उंचीबरोबर फुंकीची क्षमता वाढते, हा त्याचा निष्कर्ष आजही टिकून आहे. पुढे १९४७ मध्ये फ्रान्सच्या तिफनोने ठरावीक वेळेत किती हवा बाहेर येते ते मोजण्याची कल्पना मांडली. यंत्र स्वस्त, तपासणी पाच-दहा मिनिटांची, आकडा पुन्हा पुन्हा सारखाच येणारा. जिल्ह्यातल्या लहान रुग्णालयातही ‘फुंकायची तपासणी’ होऊ शकते. तिची ही थोरवी मी कमी लेखत नाही. पण स्पायरोमीटरला आरव्ही दिसत नाही, आणि आरव्ही दिसत नाही म्हणून एफआरसी आणि टीएलसीही दिसत नाहीत.

न दिसणारी हवा मोजायची कशी? एक वाट वायूच्या मिश्रणाची. हम्फ्री डेव्हीने १८०० च्या सुमारास स्वतःच हायड्रोजन श्वासात घेऊन आपल्या छातीतली उरलेली हवा मोजली होती. विसाव्या शतकात हायड्रोजनच्या जागी हेलियम आला. ज्ञात प्रमाणातला हेलियम रोगी ठरावीक वेळ आत-बाहेर घेतो. तो जितका विरळ होईल तितकी छातीतली हवा जास्त. १९४० मध्ये डार्लिंग, कुर्नाँ आणि रिचर्ड्स यांनी शुद्ध ऑक्सिजन देऊन छातीतला नायट्रोजन धुऊन काढण्याची आणि त्यावरून हवेचा हिशेब करण्याची पद्धत दिली. दोन्ही पद्धती चांगल्या आहेत, पण दम्यात त्यांची एक मर्यादा उघडी पडते. जिथे नळी मिटलेली आहे तिथे हेलियम पोचतच नाही. अडकलेली हवा मोजायला निघालो आणि नेमकी तीच हिशेबातून सुटली, असे होते.

ड्युबॉय यांची पेटी हा पेच सोडवते. रोगी हवाबंद काचेच्या पेटीत बसतो, नाकाला चिमटा लावतो, तोंडात नळी धरतो. सहज श्वास सोडून झाल्यावर नळीचे झडप क्षणभर बंद होते आणि बंद नळीवरच तो हलक्या धापा टाकतो. छाती किंचित फुगते, आतली हवा विरळ होते, तोंडाशी दाब उतरतो. छाती फुगल्याने पेटीतल्या हवेचा दाब त्या प्रमाणात किंचित चढतो, आणि छातीचे आकारमान किती बदलले ते त्यावरून कळते. रॉबर्ट बॉइलचा १६६२ चा नियम शाळेत सगळ्यांनीच घोकलेला आहे : तापमान तेच असेल तर दाब आणि आकारमान यांचा गुणाकार बदलत नाही. पाण्याच्या वाफेचा दाब वजा केल्यावर वातावरणाचा दाब सुमारे ९७० सेंटिमीटर पाण्याइतका उरतो. धापेने छातीतल्या हवेचे आकारमान ५० मिलिलिटरने बदलले आणि तोंडाशी दाबाचा फरक १६ सेंटिमीटर आला, तर छातीत साधारण तीन लिटर हवा आहे. नळी मिटलेली असो की उघडी, छातीत जी हवा दाबली आणि विरळ केली जाते ती सगळी या हिशेबात येते. पेटीचा आकडा आणि हेलियमचा आकडा यांतला फरक म्हणजे अडकलेली हवा. दम्याच्या संशोधकाला याहून बोलका आकडा क्वचितच मिळेल.

अर्थात पेटीही फसवते. नळ्या फार अरुंद असतील आणि रोगी भराभर धापा टाकत असेल, तर छातीतला दाब तोंडापर्यंत पुरता पोचत नाही. गाल फुगतात आणि दाबाचा काही भाग तिथेच जिरतो. तोंडाशी मोजलेला फरक खऱ्यापेक्षा कमी भरतो, म्हणून आकारमान खऱ्यापेक्षा जास्त दिसते. ही चूक १९८० च्या दशकात ध्यानात आली तेव्हा दम्याच्या तीव्र झटक्यात टीएलसी वाढते असे सांगणारे जुने निष्कर्ष पुन्हा तपासावे लागले. म्हणून आजचा दंडक असा की धापा सावकाश टाकायच्या, सेकंदाला एकापेक्षा जास्त नाही, आणि दोन्ही तळहातांनी गाल धरून ठेवायचे. निदान तीन मोजण्या एकमेकींशी पाच टक्क्यांच्या आत जुळल्या पाहिजेत.

हे सगळे साधते की फसते ते तंत्रज्ञाच्या बोलण्यावर. झडप बंद होण्याआधी ‘आता नळी बंद होईल, घाबरू नका, गाल धरा, हळूहळू धापा टाका’ असे शांतपणे सांगितलेले नसेल, तर पहिल्यांदाच काचेच्या पेटीत बसलेली कारंज्याची एखादी आजी दचकून नळीच सोडून देते. इंग्रजी सूचनांचे यंत्राबरोबर आलेले पुस्तक इथे कामाचे नाही. म्हणूनच या पुस्तकाच्या एका संपूर्ण प्रकरणात रोग्याशी बोलायची मराठी वाक्ये दिली आहेत. कुणाला ते प्रकरण फार साधे वाटेल. मला ते पुस्तकातले सर्वांत उपयोगी प्रकरण वाटते.

आता अतिसंवेदनशीलतेकडे येतो, कारण आकारमानांचा प्रश्न तिथे सर्वांत खोलवर जातो. श्वासनलिका आवळणारे मेथाकोलिन नावाचे द्रव्य वाढत्या मात्रेत श्वासावाटे घ्यायला देतात आणि एफईव्ही-वन २० टक्क्यांनी उतरेल ती मात्रा शोधतात. दमेकऱ्याचा आकडा अगदी थोड्या मात्रेत कोसळतो. निरोगी माणसाचा फारसा उतरत नाही, आणि उतरला तरी एका पातळीला येऊन थांबतो. का थांबतो? स्नायू तर त्यालाही आहेत. उत्तराचा मोठा भाग नळीच्या बाहेर आहे. फुप्फुसाचा लवचीक धागा न् धागा श्वासनलिकेच्या भिंतीला बाहेरून ताणून धरत असतो, तंबूला दोऱ्यांनी चहूकडून ताणावे तसा. फुप्फुस फुगलेले असले की दोऱ्या ताठ होतात आणि स्नायूला नळी आवळणे जड जाते. आकारमान कमी झाले की दोऱ्या सैल पडतात.

डिंग, मार्टिन आणि मॅक्लेम यांनी १९८७ मध्ये निरोगी स्वयंसेवकांवर हे दाखवून दिले. मेथाकोलिन तेच, माणूस तोच. मात्र श्वास घेण्याची पातळी खाली नेली तर नळ्या जास्त आवळल्या गेल्या आणि वर नेली तर कमी. म्हणजे अतिसंवेदनशीलता हा केवळ नळीचा गुण नाही. ती कोणत्या आकारमानाला मोजली, यावरही तिचा आकडा ठरतो. रात्री झोपेत एफआरसी उतरते, लठ्ठपणात उतरते, आडवे पडल्यावर उतरते. मध्यरात्री धाप लागून उठून बसणाऱ्या दमेकऱ्याची हकिगत ऐकताना हे आठवावे.

आणखी एक गुंता आहे. एफईव्ही-वन मोजण्याआधी रोग्याला छाती भरून श्वास घ्यावा लागतो. नेडेल आणि टियर्नी यांनी १९६१ मध्ये दाखवले की हा खोल श्वासच आवळलेल्या नळ्या काही काळ मोकळ्या करतो. निरोगी माणसात हा परिणाम चांगला दिसतो, दमेकऱ्यात क्षीण असतो किंवा नसतोच. थोडक्यात, मोजण्याची कृतीच मोजायची गोष्ट बदलते, आणि दोघांत सारखी बदलत नाही. पेटीत मात्र खोल श्वास न घेता नळ्यांचा रोध मोजता येतो. ब्रिस्को आणि ड्युबॉय यांनी १९५८ मध्ये दाखवले होते की नळ्यांची वाहकता, म्हणजे रोधाचा व्यस्त, फुप्फुसाच्या आकारमानाच्या प्रमाणात वाढते. म्हणून वाहकतेला आकारमानाने भागून ‘विशिष्ट वाहकता’ काढतात. संशोधनासाठी हा आकडा एफईव्ही-वनच्या शेजारी बसलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

ही सगळी विद्या फिलाडेल्फिया, सिडनी, मॉन्ट्रियलची. ती वर्ध्याला आणताना तीन गोष्टी नव्याने विचारात घ्याव्या लागतात.

पहिली गोष्ट उन्हाची. फुप्फुसातली हवा ३७ अंशांची आणि ओली असते. यंत्रात ती खोलीच्या तापमानाला आकसते, म्हणून आकड्याला गुणक लावतात. खोली २० अंशांची असेल तर गुणक १.१०२, २५ अंशांना १.०७५, ३० अंशांना १.०४५ आणि ३७ अंशांना बरोबर १. वर्ध्याचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो आणि जानेवारीची सकाळ चांगलीच गार असते. खोलीचे तापमान न नोंदवता तेच रोगी हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात तपासले, तर नुसत्या गुणकाने दहा टक्क्यांपर्यंत फरक पडतो. हा फरक कुणीतरी ‘ऋतूचा परिणाम’ म्हणून छापेल! पेटीला तर उष्णता आणि वारा दोन्ही बाधतात. आत बसलेल्या माणसाच्या अंगाच्या उबेने दाब चढत राहतो, तो स्थिरावेपर्यंत मिनिटभर थांबावे लागते. शेजारी कूलर घरघरत असेल किंवा दार आपटले, तर मोजणी वाया जाते.

दुसरी गोष्ट क्षयाची. बरा झालेला क्षय फुप्फुसावर व्रण ठेवून जातो आणि त्याने टीएलसी घटते. दम्यात अडकलेली हवा वाढली की फुंकायची एकूण क्षमताही घटलेली दिसते. नुसत्या स्पायरोमीटरवर दोन्ही चित्रे एकमेकांत मिसळू शकतात. टीएलसी मोजली की उलगडा होतो : क्षयाच्या व्रणात ती कमी, दम्यात ती नेहमीइतकी किंवा थोडी जास्त आणि आरव्ही वाढलेली. विदर्भात हा भेद रोजच्या उपयोगाचा आहे, कारण चुकीच्या शिक्क्यावर माणूस वर्षानुवर्षे चुकीची औषधे घेत राहतो.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड, आणि ती म्हणजे ‘निरोगी’ कुणाला म्हणायचे ही. रोग्याचा आकडा वाढलेला की घटलेला, हे अपेक्षित आकड्याशी ताडून ठरते. वय, लिंग आणि उंची यांवरून तो काढतात. अशी समीकरणे ठरवणाऱ्या जागतिक उपक्रमाने २०२१ मध्ये फुप्फुसांच्या आकारमानांची जी समीकरणे दिली ती युरोपीय वंशाच्या लोकांच्या मोजण्यांवर बेतलेली आहेत. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्युअर’ या बहुराष्ट्रीय अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांचा एफईव्ही-वन युरोप-उत्तर अमेरिकेच्या तुलनेत सुमारे ३१ टक्के कमी आढळला. हे वंशाने की बालपणीच्या कुपोषणाने, धुराने, गरिबीने? ‘भारतीय आहे, दहा-पंधरा टक्के वजा करा’ असे म्हणून गप्प बसणे मला मान्य नाही. त्याने गरिबीचे नुकसान निसर्गाच्या खात्यावर टाकले जाते. हीच अडचण सुरक्षिततेच्या नियमांतही आहे. प्रौढाचा एफईव्ही-वन दीड लिटरपेक्षा कमी असेल तर मेथाकोलिन चाचणी टाळावी, असे २०१७ ची मार्गदर्शक सूत्रे सांगतात. आपल्याकडच्या साठीच्या, पाच फुटांखालच्या निरोगी बाईचा आकडाच त्या घरात असू शकतो.

मग इथले निरोगी लोक शोधून मोजावेत, तर वर्धा कापसाचा जिल्हा. हिंगणघाट आणि पुलगावच्या कापड गिरण्या एकोणिसाव्या शतकातल्या, जिनिंग तर आजही हंगामात चालतात. कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस सुटीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती आवळतो. लँकेशायरच्या गिरण्यांत रिचर्ड शिलिंग यांनी १९५० च्या दशकात त्याच्या पायऱ्या ठरवल्या आणि मुंबईच्या गिरणी कामगारांचा अभ्यास केईएमच्या डॉ. एस. आर. कामत यांनी केला. चुलीचा धूर वेगळाच. गांधीवादी अर्थतज्ज्ञ कुमारप्पांच्या ग्रामोद्योग संघाने याच वर्ध्यात, मगनवाडीत, धूर बाहेर नेणाऱ्या मगन चुलीचा प्रसार केला. आजच्या पन्नाशी-साठीतल्या अनेक बायांचे आयुष्य मात्र साध्या चुलीपुढेच गेले. त्यांना निरोगी नमुन्यात धरले तर धुराची हानीच ‘नॉर्मल’ ठरेल. वगळले, तर नमुन्यात गावच उरणार नाही. यावर एकच उपाय मला दिसतो. चूल, जिनिंग, विडी, जुना क्षय आणि जन्मापासूनच्या पोषणाची माहिती प्रत्येक मोजणीशेजारी लिहायची, म्हणजे पुढचा संशोधक आपली निवड तपासू शकेल.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या बारा केंद्रांच्या पाहणीत नागपूर आणि मुंबईही होती. २०१२ मध्ये तिने प्रौढांतले दम्याचे प्रमाण २.०५ टक्के सांगितले. ती पाहणी प्रश्नावलीची होती. एवढ्या मोठ्या संख्येला पेटीत बसवणे शक्यही नसते. पण त्यातले थोडे लोक नीट निवडून मोजणे शक्य आहे, आणि त्यासाठी जागा वर्ध्यासारखी नाही. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सेवाग्रामला देशातले पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय काढले. १९९० पासून सावंगीला दुसरे आहे. एका लहान जिल्ह्यात दोन मोठी शिक्षण-रुग्णालये, आणि आजूबाजूला वर्षानुवर्षे ओळखीची असलेली गावे.

जिथे पेटी नाही तिथेही हात बांधलेले नाहीत. साध्या स्पायरोमीटरवर, सहज श्वास सोडून झाल्यावर रोग्याला सावकाश पूर्ण श्वास घ्यायला सांगितले की श्वास घ्यायला किती जागा उरली आहे ते कळते. फुप्फुसे फुगली की हा आकडा घटतो आणि औषधाने ती खाली बसली की वाढतो. यासाठी नवे यंत्र लागत नाही, जास्तीची दोन-तीन मिनिटे लागतात.

तेव्हा हे पुस्तक हाती घेणाऱ्या विद्यार्थ्याला, तंत्रज्ञाला आणि तालुक्याच्या डॉक्टरला माझी विनंती आहे : पुढच्या दमेकऱ्याची फुंक मोजाल तेव्हा औषधाआधी आणि औषधानंतर हा आकडाही घ्या, खोलीचे तापमान आणि उंची स्वतः मोजून लिहा, आणि रोग्याने धापेबद्दल जे सांगितले ते त्याच्याच शब्दांत केसपेपरवर उतरवून ठेवा.